गुरू यंदा नागपूरच्या डोक्यावर: गच्चीवरून ग्रह, धूमकेतू, ग्रहणं टिपणाऱ्यांसाठी धागा

उत्तररात्र

येत्या १० जानेवारीला (२०२६) गुरूची प्रतियुती आहे, म्हणजे पृथ्वीवरून बघता तो सूर्याच्या नेमक्या विरुद्ध बाजूला. सध्या तो मिथुन राशीत आहे आणि त्याची क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर) +२२ अंशांच्या आसपास आहे. नागपूरचा अक्षांश २१ अंश ९ कला. म्हणजे मध्यरात्र उलटून वीसेक मिनिटं झाली की गुरू खस्वस्तिकापासून जेमतेम एका अंशावर, अगदी आपल्या डोक्यावर. ग्रहाचा प्रकाश तेव्हा हवेच्या सगळ्यात कमी जाडीतून येतो. खाली असलेल्या ग्रहाला एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने निळी किनार येते, ती इथे येतच नाही. ती घालवायला लोक वेगळी प्रिझमची जोडी विकत घेतात, आपल्याला यंदा तिची गरज नाही.

हा योग रोजचा नाही. २०१९ ची प्रतियुती १० जूनला होती, २०२० ची १४ जुलैला. तेव्हा गुरू दक्षिणेला, जास्तीत जास्त ४६-४७ अंशांवर, आणि वर मृग-आर्द्राचे ढग. गुरूचा फेरा बारा वर्षांचा, त्यामुळे २०३१-३२ मध्ये प्रतियुती पुन्हा जून-जुलैत जाणार. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२६ या आपल्या अक्षांशाच्या दोन सर्वोत्तम प्रतियुती. त्यातली एक होऊन गेली.

इथे कोणी नवीन आलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: पेंचच्या जंगलाकडे जा, शहरातून काही मिळत नाही. धूमकेतूसाठी तो सल्ला बरोबर आहे. ग्रहांसाठी मला तो मुळीच पटत नाही. गुरूची प्रत (तेजाचं माप, आकडा जितका कमी तितका ग्रह तेजस्वी) सध्या उणे २.७ आहे. एका फ्रेमचं एक्स्पोजर आठ-दहा मिलिसेकंद. तेवढ्या वेळात शहराच्या आकाशाचा उजेड सेन्सरवर उमटतही नाही. ग्रहाचा फोटो बिघडवतात ती अस्थिर हवा, दिवसभर तापलेला स्लॅब आणि थंड न झालेला आरसा. साठ किलोमीटर गाडी हाकण्यात जो वेळ जातो तो आरसा थंड होऊ देण्यात घालवा, फोटोत फरक दिसेल.

माझ्याकडे ८ इंची एफ/६ न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) आहे, इक्वेटोरियल माउंटवर (आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीवर). २.९ मायक्रॉन पिक्सेलचा रंगीत कॅमेरा, पुढे दोन पटीचा बार्लो (प्रतिमा मोठी करणारं भिंग). पिक्सेलच्या मायक्रॉनला पाचने गुणायचं, येईल तो फोकल रेशो (‘एफ/’ पुढचा आकडा) साधायचा, हा ढोबळ नियम. माझा साडेचौदा यायला हवा, बार्लो लावून बारा मिळतो. तेवढ्यावर चांगलं काम होतं. ज्यांचा पिक्सेल दोन मायक्रॉनचा आहे त्यांनी एफ/१० च्या पुढे ताणू नये, चित्र मोठं आणि अंधुक होतं फक्त.

यंदा कोण काय करतंय ते सगळ्यांनी इथे लिहा. अडचणीही लिहा.

---

रानवाट

ताई, ग्रहांचं मानलं. पण राजेहो, धूमकेतूचा विषय निघाला तर मी गप्प कसा बसू!

ऑक्टोबरातला लेमन (सी/२०२५ ए६) आठवा. २१ ऑक्टोबरला पृथ्वीच्या सगळ्यात जवळ, त्याच दिवशी अमावस्या. चंद्राचा त्रास नाही, यापेक्षा चांगली वेळ कोणती? पण अमावस्या म्हणजे लक्ष्मीपूजन. संध्याकाळी पश्चिमेला भूतप तारकासमूहात दिसत होता तो, आणि शहरावर फटाक्यांच्या धुराचा थर. आम्ही पेंचमधल्या सिल्लारीकडे निघून गेलो होतो. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली ती उगाच नाही. तिथे डोळ्यांना अंधाराची सवय झाल्यावर बायनॉक्युलरमधून शेपटी चांगली लांब दिसत होती. नागपुरातून माझ्या भाच्याने त्याच संध्याकाळी त्याच बायनॉक्युलरसारख्या बायनॉक्युलरने पाहिलं, त्याला एक धूसर ठिपका मिळाला.

फोटोत डोक्याचा हिरवा रंग येतो तो द्वि-अणू कार्बनचा. उन्हाने तो रेणू फुटतो, म्हणून हिरवा रंग डोक्यापाशीच राहतो, शेपटीत जात नाही. शेपटीतली निळसर बारीक रेघ कार्बन मोनॉक्साइडच्या आयनांची, ती नेमकी सूर्याच्या विरुद्ध दिशेला. पिवळट, रुंद, जरा वळलेली ती धुळीची. हे तिन्ही एका फोटोत वेगळे दिसले की मला फार आनंद होतो.

१३५ मिमीची लेन्स, एफ/२.८, आयएसओ १६००. ट्रॅकर (ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) नसेल तर दोन-तीन सेकंदांच्या वर जाऊ नका, तारे लांबट होतात. असे शंभर-दोनशे फोटो काढून घरी स्टॅक करायचे, म्हणजे एकावर एक जुळवून त्यांचा एक फोटो करायचा.

---

शरयू

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझ्याकडे ११४ मिमीची छोटी न्यूटोनियन आहे, मुलीसाठी घेतली होती. वेगळा कॅमेरा नाही, फोन आहे. महालात राहतो, गच्ची आहे पण तिन्ही बाजूंनी उंच बिल्डिंगा. यात काही होईल का? रानवाट, धूमकेतू स्टॅक करताना धूमकेतूच सरकतो ना ताऱ्यांमधून? मग जुळवायचं कशावर?

---

कॅसिनीची_फट

शरयूताई, तिन्ही बाजूंनी बिल्डिंगा असल्या तरी यंदा काही बिघडत नाही, गुरू डोक्यावरच आहे. हा धागा तुमच्यासाठीच काढलाय असं समजा.

फोन आयपीसला बसवायचा क्लॅम्प मिळतो, तो घ्या. हाताने धरू नका. १० मिमीच्या आसपासचा आयपीस लावा. व्हिडिओ मोडमध्ये गुरूवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग एक्स्पोजर खाली ओढा. गुरू पांढरा गोळा न दिसता करड्या रंगाचा दिसला पाहिजे, तरच पट्टे येतात. फोन आपोआप ठरवायला ठेवलात तर तो काळ्या आकाशाकडे बघून सगळं उजळ करतो आणि पट्टे पुसले जातात. एक-दीड मिनिटाचा व्हिडिओ घ्या.

मग संगणकावर पिप नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाका, ते ग्रह मधोमध आणून देतं. ऑटोस्टॅकर्टमध्ये चांगल्या फ्रेम निवडा, साधारण वरच्या पंधरा टक्के. शेवटी रेजिस्टॅक्सचे वेव्हलेट (बारकावे ठळक करायची सोय). वेव्हलेटच्या पट्ट्या जपून ओढा. गुरूच्या कडेला दुहेरी रेघ दिसायला लागली की फार झालं, मागे या. ११४ मिमीमधून दोन मुख्य पट्टे नक्की येतील, चांगली रात्र मिळाली आणि तांबडा डाग समोर असला तर तोही.

धूमकेतूचं उत्तर रानवाट देतीलच, थोडक्यात सांगते. दोनदा स्टॅक करायचं. एकदा ताऱ्यांवर जुळवून, एकदा धूमकेतूच्या केंद्रकावर जुळवून, मग दोन्ही एकत्र. डीपस्कायस्टॅकरमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय आहे.

---

सोनेगावकर

मूळ मुद्द्याला माझा पाठिंबा, पण एक गोष्ट राहिली. गुरू डोक्यावर आहे म्हणून सीइंग (हवेची स्थिरता) चांगलंच मिळेल असं नाही.

हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारा जेट प्रवाह (उंचावरचा वेगवान वारा) उत्तर भारतावर असतो, साधारण २५ ते ३० अक्षांशांच्या पट्ट्यात, बारा किलोमीटर उंचीवर. आपण त्याच्या दक्षिण कडेला आहोत. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ आला की हा प्रवाह खाली सरकतो, आणि मग नागपुरात आकाश काचेसारखं स्वच्छ असूनही गुरू उकळत्या पाण्यात ठेवल्यासारखा हलतो. पावसाळ्यात तोच प्रवाह तिबेटच्या पलीकडे जातो. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरच्या उघडिपीत मिळणारी एखादी रात्र ग्रहांसाठी फार वरच्या दर्जाची असते. शनीच्या वेळी हे लक्षात ठेवा. शनीची प्रतियुती दरवर्षी सुमारे दोन आठवडे पुढे सरकते. २०२५ ला २१ सप्टेंबर होती, २०२६ ला ४ ऑक्टोबर. कडी मार्च २०२५ मध्ये आपल्याला अगदी कडेने दिसली होती, आता ती पुन्हा उघडत चालली आहेत. पुढची काही वर्षं शनी पावसातून बाहेर निघतो आहे आणि कडीही रुंदावत आहेत.

आत्ताच्या हिवाळ्यासाठी मी एवढंच करतो: संध्याकाळी २०० हेक्टोपास्कलचा, म्हणजे त्याच बारा किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्याचा नकाशा बघतो. आपल्यावर वारा मंद असेल तर दुर्बीण बाहेर. आणि धुकट, जरा धुरकट रात्र असेल तर ती सोडत नाही. अशा रात्री तारे कमी दिसतात पण लुकलुकत नाहीत. ग्रहाला तेच हवं असतं.

---

मानेवाडा_चौथामजला

डोक्यावरच्या गुरूचा एक त्रास कोणी लिहिला नाही. माझी ८ इंची डॉबसनियन आहे, हाताने फिरवायची. गुरू खस्वस्तिकाजवळ गेला की बाजूला ढकलायला आधारच मिळत नाही. वर-खाली काही हलवावं लागत नाही आणि बाजूला मात्र खूप फिरवावं लागतं. बार्लो लावल्यावर ग्रह काही सेकंदांत चौकटीबाहेर. यावर काय करता?

आणि दुसरं, माझ्या गच्चीवरून ध्रुवतारा दिसतच नाही. समोर सात मजली इमारत. पुढेमागे इक्वेटोरियल माउंट घेतला तर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं) कशी करायची?

---

उत्तररात्र

दोन्ही प्रश्न नेमके आहेत.

गुरू नेमका माथ्यावर येण्याची वाट बघू नका. दीड तास आधी तो पूर्वेला सत्तरेक अंशांवर असतो. तिथेही रंगाची किनार जवळपास नसते, आणि दुर्बीण व्यवस्थित फिरते. साडेदहा-अकराला सुरुवात करा, माथ्यावर असताना चहा घ्या, मग तो पश्चिमेला कलला की पुन्हा बसा. इक्वेटोरियल माउंटवाल्यांनाही मध्यान्हवृत्तावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) दुर्बीण उलटवावी लागते, नाहीतर नळी तिपाईच्या पायाला टेकते, त्यामुळे त्यांनाही हाच मधला वेळ सोयीचा.

हाताने फिरवताना गुरूला चौकटीच्या एका कडेला ठेवायचं, हात काढायचा, त्याला आपला आपण दुसऱ्या कडेपर्यंत जाऊ द्यायचं. रेकॉर्डिंग चालूच. असे तुकडे जोडले की झालं, पिप सगळ्यांना मधोमध आणतं.

ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून फक्त २१ अंशांवर असतो. नागपुरातल्या निम्म्या गच्च्यांवरून तो दिसत नसणार. ग्रहांसाठी होकायंत्राने उत्तर धरून अक्षांश २१ वर ठेवलात तरी पुरतं. दोन मिनिटांच्या व्हिडिओला यापेक्षा अचूकपणा लागत नाही.

दोनच मिनिटं का, हेही लिहिते, कारण याचं उत्तर मला फार आवडतं. गुरू स्वतःभोवती ९ तास ५५ मिनिटांत फिरतो. त्याची तबकडी आत्ता ४६.६ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) रुंद दिसते. π गुणिले ४६.६ भागिले ५९५ मिनिटं, म्हणजे मधल्या भागातला एखादा ढग दर मिनिटाला सुमारे पाव विकला सरकतो. दोन मिनिटांत अर्धी. आणि ८ इंची आरशाची बारकावे दाखवण्याची मर्यादा आहे ०.५७ विकला. तिसऱ्या मिनिटाला फिरण्यामुळे येणारी पुसटता आरशाच्या मर्यादेच्या पुढे जाते. तुमच्या व्हिडिओच्या लांबीवर गुरूच्या दिवसाची मर्यादा आहे! त्याहून लांब घ्यायचं असेल तर विनजुपोस हे सॉफ्टवेअर फिरणं उलटवून देतं.

स्लॅबबद्दल: थंडीतही तो रात्री दहा-अकरापर्यंत ऊब सोडतो. तिपाईच्या आसपास संध्याकाळीच पाणी मारा आणि सुकू द्या. खाली अंगण किंवा माती असेल तर गच्चीपेक्षा ते चांगलं. आरसा निदान तासभर आधी बाहेर हवा, मागे छोटा पंखा लावलात तर आणखी बरं. फोकस बाहेर काढून तारा बघा. त्या गोल चकतीतून वाफेसारखी लाट एका बाजूला सरकताना दिसली तर ती नळीतली गरम हवा, आरसा अजून थंड झालेला नाही. सगळी चकती नदीच्या तळासारखी थरथरत असेल तर ती वरची हवा, तिथे उपाय नाही.

---

रानवाट

काटोलकडे संत्र्याच्या बागेत दुर्बीण लावणाऱ्यांनी दव सांभाळा. मातीवर सीइंग छान असतं, पण पहाटे तीनपर्यंत श्मिट-कॅसेग्रेन दुर्बिणीची पुढची काच ओली होते. व्यायामाच्या फोमच्या चटईचा तुकडा नळीभोवती गुंडाळून पुढे फूटभर काढला की बराच वेळ मिळतो.

---

भूगोलाचे_सर

मी शाळेत शिकवतो, दुर्बिणीतलं तंत्र तुमच्याइतकं नाही. पण एक विचारायचं आहे. मुलं मला विचारतात, नासाचे इतके सुंदर फोटो असताना आपण कशाला काढायचे? मी सांगतो, स्वतः काढलेल्याचा आनंद वेगळा. हे उत्तर त्यांना पुरत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही.

---

कॅसिनीची_फट

सर, मुलांना दोन नावं सांगा.

फिलिपिन्समधल्या सेबू शहरात क्रिस्टोफर गो नावाचे हौशी निरीक्षक आहेत. २००६ मध्ये गुरूवरचं एक पांढरं वादळ तांबडं होत असल्याचं त्यांच्या फोटोंत प्रथम दिसलं. आज त्याला छोटा तांबडा डाग म्हणतात. दुसरे ऑस्ट्रेलियाचे अँथनी वेस्ली. १९ जुलै २००९ ला त्यांना गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग दिसला, तिथे काहीतरी येऊन आदळलं होतं. त्यांनी कळवल्यावर मोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या. दोघेही आपापल्या घरून काम करणारे हौशी लोक.

मोठ्या दुर्बिणी रोज गुरूकडे बघत नाहीत, त्यांना इतर कामं असतात. गुरूभोवती फिरणारं नासाचं जुनो यान जवळून बघतं, पण एका वेळी थोडा भाग. रोजच्या रोज पूर्ण तबकडी बघतात ते जगभरचे हौशी. आणि इथे आपलं रेखांश कामाला येतं. गुरू दहा तासांत फिरतो. जपान, फिलिपिन्स, ऑस्ट्रेलियात गुरू पश्चिमेला कललेला आणि युरोपात अजून नीट वर आलेला नाही, त्या मधल्या तासांत गुरूची जी बाजू समोर येते ती आपल्याला सगळ्यात उंचावर दिसते. त्या वेळात वादळ फुटलं किंवा काही आदळलं आणि नागपूर, पुणे, बंगळुरूतून कोणीच रेकॉर्डिंग करत नसेल, तर ते क्षण कायमचे गेले.

नासाकडे त्या तासाचा फोटो नसतो, हे मुलांना सांगा.

---

शरयू

हे वाचून मुलीला दाखवलं, तिने लगेच क्लॅम्प मागवायला लावला. तिचा प्रश्न: मार्चमध्ये चंद्रग्रहण आहे म्हणे, ते इथून दिसेल का?

---

उत्तररात्र

३ मार्च, होळी पौर्णिमा. खग्रास आहे, पण खग्रास भाग आपल्याकडे चंद्र उगवण्याआधीच संपतो. खग्रास स्थिती भारतीय वेळेने ४:३४ ते ५:३३. नागपुरात चंद्र उगवेल सव्वासहाच्या थोडं पुढे, तेव्हा त्याचा काही भाग अजून गडद सावलीत असेल, आणि ६:४७ च्या सुमाराला तो सावलीतून पूर्ण बाहेर. म्हणजे हातात अर्धा तासही नाही, आणि ग्रहण सुटतं तेव्हाही चंद्र क्षितिजापासून सहा अंशांवरच. पूर्व क्षितिज पूर्ण मोकळं हवं. महालातून ते जमणार नाही. भंडारा रोडने पारडीच्या पुढे शेतं लागतात, तिकडे जा. चंद्र जवळपास नेमका पूर्वेला उगवेल, किंचित उत्तरेकडे. वर चावलेला चंद्र, खाली झाड किंवा मंदिराचा कळस अशी चौकट दुपारीच जाऊन ठरवून ठेवा. इथे लांब लेन्सपेक्षा जागेची निवड मोठी.

मागच्या ७ सप्टेंबरसारखं निवांत ग्रहण हे नाही. तेव्हा खग्रास ८२ मिनिटं होतं, रात्री ११:०१ ते १२:२३. त्या वेळी एक्स्पोजर किती बदलावं लागलं ते इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. पूर्ण चंद्राला १/२५० सेकंद, आणि खग्रासात त्याच चंद्राला वाढवलेल्या आयएसओवर एक-दोन सेकंद. सावलीच्या कडेला लालाच्या आधी एक निळसर-हिरवट पट्टी येते, ती ओझोनच्या थरातून गाळून आलेल्या प्रकाशाची. डोळ्यांना ती सहज कळत नाही, फोटोत येते. ३ मार्चला चंद्र फार खाली आणि आकाश उजेडी, त्यामुळे ती मिळेल असं वाटत नाही.

---

मानेवाडा_चौथामजला

सूर्यग्रहणाचं पण लिहा. २५ ऑक्टोबर २०२२ ला फुटाळा तलावावर लोक नुसत्या डोळ्यांनी आणि एक्स-रेच्या फिल्ममधून बघत होते, मला बघवत नव्हतं.

---

सोनेगावकर

यावर सौम्य बोलायचं नाही. मावळता सूर्य लाल आणि थंड वाटतो, म्हणून लोकांना वाटतं चालतंय. अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि डोळ्यातल्या पडद्याला वेदनेची जाणीव नसते, जळतं तेव्हा कळतही नाही. एक्स-रे फिल्म, काजळी लावलेली काच, दोन गॉगल, सगळं बाद.

दुर्बिणीला फिल्टर नेहमी पुढच्या तोंडावर, आयपीसच्या बाजूला कधीच नाही. आयपीसमध्ये बसवायचे जुने सूर्यफिल्टर कुणाकडे असतील तर फेकून द्या, उष्णतेने ते तडकतात. बाडरची ॲस्ट्रोसोलर फिल्म दोन प्रकारची येते. घनता ५.० ची डोळ्यांसाठी, ती लाखातला एक भाग प्रकाश जाऊ देते. ३.८ ची फक्त फोटोसाठी, तिच्यातून डोळ्याने बघायचं नाही. दोन्ही सारख्याच चंदेरी दिसतात, म्हणून चौकटीवर मार्करने लिहून ठेवा. आणि फाइंडर (नेम धरायची वरची छोटी दुर्बीण) झाकायला विसरू नका. लहान मुलं आधी तिथेच डोळा लावतात.

२१ मे २०३१ ला कंकणाकृती ग्रहणाचा पट्टा केरळ-तामिळनाडूतून जातो, नागपुरातून ते खंडग्रास दिसेल. फिल्टरचा सराव करायला तोवर सूर्यावरचे डाग आहेतच.

---

भूगोलाचे_सर

आठवीच्या पोरांना घेऊन १० तारखेच्या रात्री शाळेच्या मैदानावर बसायचं ठरवलंय. मैदान मातीचं आहे. कुणी दुर्बीण घेऊन आलं तर फार बरं होईल. आणि फोटो निघाले तर कुठे पाठवायचे, त्यावर वेळ कशी लिहायची?

---

उत्तररात्र

सर, मी येते. साडेनऊला पोचेन, आरसा थंड व्हायला हवा.

फोटो हौशी निरीक्षकांच्या आल्पो-जपान या संस्थेच्या संग्रहात पाठवता येतात, युरोपातल्या पीव्हीओएल या संग्रहालाही. वेळ जागतिक लिहायची, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. रेकॉर्डिंगच्या मधल्या क्षणाची वेळ घ्यायची, सुरुवातीची नाही. रात्री १२:१२ चा फोटो असेल तर आपल्याकडे ११ तारीख लागलेली असते, पण फाइलवर लिहायचं १० जानेवारी, १८:४२. तारखेचा हा घोळ मुलांना आधीच समजावून सांगा. घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घ्या, कारण एक मिनिट इकडेतिकडे झालं तरी गुरूवरच्या डागाचं रेखांश ०.६ अंशांनी चुकतं. सोबत दुर्बिणीचा आकार, कॅमेरा आणि जागा: नागपूर, २१.१ उत्तर, ७९.१ पूर्व.